‘सवलत’ या शब्दाचा अर्थव्यवहार : गृहकर्जाच्या परिभाषेचे एक परीक्षण

मराठीत गृहकर्जाचा व्यवहार ज्या शब्दांनी चालतो त्यांची कुळे निरनिराळी आहेत. ‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’पासून आलेला, ‘कर्ज’ व ‘मुदत’ हे मूळचे अरबी, तर सात दिवसांचा वाचक असलेला फारसी ‘हप्ता’ महिन्याच्या देण्यासाठी रूढ झाला आहे. व्युत्पत्तीशी नाते तुटले तरी हे शब्द ऋणकोस फसवीत नाहीत. हप्ता म्हणजे काय, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. अडचणीतील ऋणकोसाठी योजिलेल्या परिभाषेविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने स्थगित करण्याची मुभा दिली व पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. वृत्तपत्री मराठीत या तरतुदीस ‘स्थगिती’, ‘सवलत’, ‘दिलासा’ अशी नावे मिळाली. पैकी ‘स्थगिती’ हा शब्द यथार्थ होय. कारण देणे पुढे गेले, संपले नाही. ‘सवलत’ या शब्दात मात्र काही सूट मिळाल्याची छटा आहे, आणि येथेच अर्थाचा घोटाळा होतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तीस लाख रुपयांचे कर्ज, व्याज द. सा. द. शे. ८ आणि शिल्लक मुदत १५ वर्षे असल्यास मासिक हप्ता सुमारे २८,६७० रुपये येतो. सहा महिने काहीच न भरल्यास केवळ सरळ व्याजाने १,२०,००० रुपये मुद्दलात मिळतात. हप्ता तोच ठेवल्यास १८० ऐवजी सुमारे १९५ हप्ते भरावे लागतात. सहा हप्ते थांबले, पण त्यांच्यापायी सुमारे पंधरा वाढले.

मूळ परिपत्रकाने काही लपविले होते, असा आक्षेप घेता येणार नाही. व्याजाची आकारणी चालू राहील, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. दोष आहे तो नाव आणि कलम यांच्यातील अंतराचा. नाव घरोघर पोहोचले. कलम कागदावरच राहिले.

‘सानुग्रह’ या विशेषणाचा प्रवासही उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक सानुग्रह रक्कम म्हणून देऊ केला. २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण व्याजमाफीची मागणी नाकारली; परंतु स्थगितीच्या काळातील व्याजावर व्याज, कर्ज कितीही असो, घेता येणार नाही, असा निर्णय दिला. जी रक्कम काल अनुग्रह म्हणून मिळाली, तीच आज न्याय्य देणे ठरली. रक्कम तीच, शब्द मात्र बदलला. आणि शब्दाबरोबर ऋणकोचे स्थानही याचकाचे न राहता हक्कदाराचे झाले.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, व्याजदर बदलताना हप्ता व मुदत यांवर होणारा परिणाम ऋणकोस कळवावा आणि हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड त्याला द्यावी, असे बँकांना बजावले. ही दिशा योग्य आहे. तथापि परिणाम कळविणे म्हणजे तो समजेल अशा भाषेत कळविणे. ‘मुदतवाढ’ या शब्दाशेजारी वाढलेल्या हप्त्यांची संख्या व एकूण व्याज लिहिले जात नाही, तोवर ती परिभाषा अपुरीच म्हणावी लागेल. ज्याचे घर गहाण आहे त्याला आपण नेमके काय स्वीकारीत आहोत हे सहीपूर्वी कळते की सहीनंतर, हीच तिची खरी कसोटी होय.