‘भीड’ : टाळेबंदीतील भावविश्वाचे चित्रण
२४ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टाळेबंदीने सर्वांना सारखेच हतबल केले, हा समज अनुभव सिन्हा दिग्दर्शित ‘भीड’ (२०२३) हा कृष्णधवल हिंदी चित्रपट खोडून काढतो. तपासणी नाक्यावर अडकलेला पहारेकरी त्रिवेदी, सोबतची मुले भुकेली असतानाही, मुस्लिम तरुणांनी देऊ केलेले अन्न नाकारतो. साथीची भीती येथे जुन्या धार्मिक भेदाचा आधार घेते. तरीही पंकज कपूर यांच्या संयत अभिनयामुळे ही व्यक्तिरेखा खलनायकी होत नाही. नाक्यावरील पोलीस अधिकाऱ्याच्या मनातील जातीय न्यूनगंड व हाती आलेला अधिकार यांचा संघर्षही अस्सल उतरला आहे. वसतिगृहातील मुलीला आणण्यासाठी मोटारीतून निघालेल्या आईची घालमेल मात्र वरवरची वाटते. ती केवळ विरोध दाखविण्यासाठी योजलेली आहे; तिच्या भीतीकडे दिग्दर्शक सहानुभूतीने पाहत नाही.