कोऱ्या जागेचा अर्थ

प्रथिनांवरच्या पाठ्यपुस्तकात एक साधा चौरस हमखास भेटतो. आडव्या अक्षावर फाय नावाचा कोन, उभ्या अक्षावर साय, दोन्ही उणे १८० ते अधिक १८० अंश. आत दोन-तीन रंगवलेले प्रदेश, बाकी सगळं कोरं. हा रामचंद्रन आलेख. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांचं मद्रास विद्यापीठातलं हे काम १९६३ साली प्रसिद्ध झालं. त्याची खरी गोडी त्या कोऱ्या भागात आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. दोन आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध अंशतः दुहेरी असल्यामुळे सहजी पिळत नाही; त्याच्याशी निगडित सहा अणू एकाच प्रतलात ताठ राहतात. वळायला वाव उरतो तो अशा दोन प्रतलांना जोडणाऱ्या कार्बनपाशी, तोही दोनच बंधांभोवती. तेच फाय आणि साय. मद्रासच्या मंडळींचा प्रश्न शाळकरी मुलालाही कळावा असा होता. हे कोन अमुक इतके ठेवले, तर कोणते अणू एकमेकांवर आदळतील? छोट्या रेणूंच्या स्फटिकांत अणू किती जवळ येतात, याची मोजमापं हाताशी होती. टक्कर होईल ती जागा कोरी सोडली.

चौरसाचा बहुतेक भाग असा बाद झाला. उरलं ते मात्र बघत राहावं असं. वर डावीकडे बीटा रचनेचा ऐसपैस प्रदेश, त्याखाली अल्फा हेलिक्सचा. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या दोन्ही घडणी नेमक्या इथेच येऊन बसतात. उजवीकडे डावखुऱ्या हेलिक्सचा चिंचोळा तुकडा. ग्लायसीनची बाजूची शाखा म्हणजे एकटा हायड्रोजन, म्हणून ते इतरांना बंद असलेल्या भागातही शिरतं. प्रोलीनची शाखा मागे वळून कण्यातल्या नायट्रोजनलाच जखडलेली, म्हणून त्याचा फाय जवळपास ठरलेला.

तेव्हा मायोग्लोबिनसारख्या मोजक्याच प्रथिनांची रचना ठाऊक होती. आज नवी रचना उलगडली की तिचे कोन टिंबांनी या आलेखावर मांडतात. कोऱ्या भागात फार टिंबं पडली, तर संशोधक आधी आपलं मॉडेल तपासतात. दोन अणू एका जागी मावत नाहीत, एवढ्या एका नियमातून हे सगळं निघालं, याचं मला फार अप्रूप वाटतं. रक्तातलं हीमोग्लोबिन ठरावीक घडीतच दुमडतं, त्यात अणूंच्या आकर्षणाइतकाच या मनाईचाही वाटा आहे.