दत्तकाचं माहेर

कुलवृत्तांत हा असा साहित्यप्रकार आहे, जो पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. आपण तो उघडतो, आपलं गाव शोधतो, पणजोबा सापडले की तेवढ्या पानाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि पुस्तक पुन्हा कपाटात जातं. हल्ली तर पीडीएफच फिरते. त्यामुळे या पुस्तकांची समीक्षा सहसा होत नाही, फार तर 'आमच्या काकांचं नाव चुकलंय' अशी तक्रार होते. मला त्यांच्याकडे पुस्तक म्हणून बघायचंय, आणि तेही एकाच शब्दापाशी थांबून: दत्तक.

आधी श्रेय द्यायला हवं. गोखले, पेंडसे अशा कोकणातून देशभर पांगलेल्या घराण्यांचे कुलवृत्तांत ज्यांनी तयार केले, त्यांच्यापाशी ना फोन होते ना कॉम्प्युटर. पत्रं पाठवायची, गावोगाव जायचं, कुणाच्या माळ्यावरचे मोडी कागद वाचून घ्यायचे आणि शेकडो माणसं शाखांमध्ये बसवायची. माझं पोट डेटाबेसवर चालतं, त्यामुळे एवढ्या नोंदी हाताने जुळवणं म्हणजे काय याची मला कल्पना आहे.

नोंदीचा साचाही ठरलेला. पुरुषाचं नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, गाव. मग पत्नी: सासरचं नाव, माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव. मग मुलं. दत्तक असेल तर तो माणूस दोनदा येतो. जन्मघराच्या शाखेत 'दत्तक गेला', आणि नव्या घराच्या शाखेत नुसतं 'दत्तक'. नेटका संपादक दोन्हीकडे पान क्रमांक देतो.

माझे पणजोबा असे दोन पानांवर आहेत. आमच्या शाखेत निपुत्रिक वारलेल्या एका गृहस्थाच्या विधवेने त्यांना घेतलं. त्यांचे जन्मदाते वडील त्याच पुस्तकात, त्याच आडनावाच्या दुसऱ्या शाखेत, मला दहा मिनिटांत सापडले. अडलं ते पुढे. या वडिलांची दोन लग्नं झाली होती. दोन्ही बायकांची नावं आहेत, दोघींची माहेरं आहेत. त्याखाली सगळी मुलं एका ओळीत, वयाच्या क्रमाने. कुठलं मूल कुणाचं, ते नाही. म्हणजे माझ्या पणजोबांना जन्म देणारी बाई छापील पुस्तकात आहे, तरी ती कोण हे पुस्तक सांगत नाही.

याला संपादकाचा आळस म्हणता येणार नाही. दत्तकाची नोंद मुळात जन्मासाठी ठेवलेलीच नसते. दिलेल्या मुलाला जन्मदात्याचं गोत्र आणि धन मिळत नाही, त्याने द्यायचा पिंडही थांबतो, असं मनुस्मृती सांगते. म्हणजे दत्तविधानाचे तीन विषय: गोत्र, इस्टेट, श्राद्ध. तिन्ही बापाकडून येणारे. त्यात इंग्रजी अमलात दत्तक हा राजकारणाचाही मामला झाला. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये आणि झाशीचं १८५४ मध्ये खालसा झालं, ते दत्तक वारस न मानल्यामुळे. सामान्य घरांत भांडणं वेगळी होती. मुंबई इलाख्यात रूढ असलेल्या हिंदू कायद्यानुसार विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि वाटणीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद कोर्टात जात. तिथे प्रश्न असायचे: मुलगा दिला कुणी, घेतला कुणी, विधी झाला का, साक्षीदार कोण. त्याला जन्म कुणी दिला, हे विचारायचं सहसा कारणच नव्हतं.

सिंहासन असेल तेव्हा मात्र आईचं नाव टिकतं. कागलच्या घाटग्यांच्या घरातला यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्याची जन्मदाती राधाबाई आपल्याला माहीत आहे. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला. त्याची आई उमाबाई, तीही माहीत आहे. आमच्या पणजोबांच्या वाट्याला चार खंडी भात आणि एक पडवी आली. तेवढ्यासाठी कुणी चरित्र लिहीत नाही.

कुलवृत्तांत सलग वाचल्यावर माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी. त्यात दत्तक गेलेला मुलगा हा एकटाच पुरुष आहे, ज्याचं तेच होतं जे तिथल्या प्रत्येक बाईचं होतं. घर बदलतं, गोत्र बदलतं, बापाचं नाव जाऊन दुसरं येतं, कधी स्वतःचंही नाव बदलतं. पण बाईच्या नोंदीत 'माहेर' हा रकाना आहे. तिचं जुनं नाव आणि तिचा बाप तिच्याबरोबर नव्या पानावर येतात. दत्तकाच्या नोंदीत तसा रकाना नाही, फार तर पान क्रमांक आहे. या प्रकाराचा मोठा दोष मला इथे दिसतो. साचा हाताशी होता, फक्त तो पुरुषाला लावायचं कुणाला सुचलं नाही.

मग बाहेर शोधायचं तर कुठे? दत्तकपत्र मिळालं तर त्यात देणारा आणि घेणारी असते, जन्मदातीचा उल्लेख असेलच असं नाही. गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीत मूल अनेकदा बापाच्या नावावर असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ज्यांनी ही मोडी पानं चाळली, त्यांना हे नव्याने सांगायला नको. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराणी सापडतात, पण दत्तक मुलगा तिथे नव्या घराच्या पितरांसाठी जाणार.

'डीएनए टेस्ट कर ना,' हा मित्रांचा सल्ला. आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए पणजोबांना त्यांच्या जन्मदातीकडून मिळाला खरा, पण पुरुष तो पुढे देत नाही. तिची ती खूण त्यांच्यापाशीच संपली. उरलेल्या डीएनएत खापरपणजीचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. तो ओळखायचा तर दोन्ही माहेरांतल्या आजच्या माणसांनी टेस्ट करायला हवी. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेली, त्यामुळे दोन्ही माहेरं थोडीफार आपली नातेवाईक निघण्याचीच शक्यता. 'लायन' सिनेमातला सरू गूगल अर्थवर खांडवा शोधून काढतो, कारण तिथे त्याची आई जिवंत आहे. माझ्या शोधाच्या टोकाला दोन नावं आहेत आणि मध्ये एक 'किंवा'.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. गूगल फॉर्म आलाय. त्यात एक रकाना: 'दत्तक असल्यास तसे नमूद करावे.' माझ्या चुलतभावाने आणि वहिनीने तीन वर्षांपूर्वी मुलगी दत्तक घेतली. वहिनीने ग्रुपवर विचारलं, "ती मोठी होऊन हे वाचेल तेव्हा तिच्या एकटीच्याच नावापुढे हा शब्द का?" एक काका म्हणाले, "अगं, इतिहास आहे. खरं तेच लिहायचं." ग्रुप दोन दिवस शांत होता.

दोघांचं म्हणणं एका साच्यात बसवता येत नाही, कारण हा शब्द दोन ठिकाणी दोन कामं करतो. पणजोबांच्या नावापुढे तो अपुरा आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल जास्त लिहिल्याने कुणाचं बिघडणार नाही, उलट एका विसरलेल्या बाईचं नाव परत येईल. पुतणीच्या नावापुढे तोच शब्द जास्तीचा आहे. आता १९५६ च्या कायद्यानंतर मुलगी दत्तक घेता येते. सरकारी दत्तक नियमांत मूळ शोधण्याची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांनंतर तो अर्ज मूल स्वतः करू शकतं. जन्मदात्या आईबापांच्या खासगीपणालाही त्यात जपलं आहे. म्हणजे मूळ शोधायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. काकांनी किंवा छापखान्याने ते आधीच ठरवू नये.

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेडकॉम नावाची फाइल चालते. त्यात एक मूल दोन कुटुंबांना जोडता येतं, आणि प्रत्येक जोडणी जन्माची की दत्तकाची हे वेगळं लिहिता येतं. छापील पुस्तकालाही हे जमेल. संपादकांना मी तेवढंच कळवलंय: गेलेल्या दत्तकांसाठी 'माहेर' हा रकाना घाला, आणि हयात असलेल्यांसाठी 'दत्तक' हा रकाना काढा.

त्यांचं उत्तर यायचंय. तोवर फॉर्ममध्ये पणजोबांच्या नावापुढे मी दत्तक आईचं नाव लिहिलं, तिने त्यांना वाढवलं म्हणून. खाली शेऱ्यात त्या दोघींची नावं लिहिली, माहेरच्या गावांसकट, आणि पुढे: 'यांपैकी एक जन्मदाती.' पुतणीच्या ओळीत तिचं नाव, जन्मतारीख आणि आईबाबांची नावं आहेत. बाकी काही नाही.