हेरकथेतला हिशेब : किंमत कुणी मोजायची?

हेरकथेतील नैतिकतेचा विषय निघाला की चर्चा बहुधा खून, छळ आणि विश्वासघात यांभोवतीच फिरते. पण हेरगिरीची खरी नैतिक किंमत हिंसेत शोधावी की अन्यत्र, हा प्रश्न जॉन ल कारे यांच्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) या कादंबरीने उभा केला. ल कारे हे डेव्हिड कॉर्नवेल यांचे टोपणनाव. ते स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात होते. बर्लिनची भिंत १९६१ साली उभी राहिली आणि दोनच वर्षांनी ही कादंबरी आली.

थकलेला हेर अ‍ॅलेक लीमस याला पूर्व जर्मन गुप्तचर खात्यातील मुंट या अधिकाऱ्याचा काटा काढण्यासाठी पाठवले जाते. लीमस दारुडा, कफल्लक आणि फितूर असल्याचे सोंग घेतो. प्रत्यक्षात मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस असतो. त्याच्यावर संशय घेणाऱ्या फीडलरला संपवणे हा मोहिमेचा खरा हेतू. तो खुद्द लीमसपासूनही लपवलेला असतो.

या कटाचे इंधन कोणते? ग्रंथालयात काम करणाऱ्या लिझ गोल्ड या तरुणीचे लीमसवरील प्रेम. लीमस तुरुंगात गेल्यावर स्माइली तिची विचारपूस करतो आणि तिच्या घराच्या भाडेपट्ट्याचे पैसे कोणीतरी भरून टाकते. तिला हा चांगुलपणा वाटतो. पुढे न्यायासनासमोर ती हे सारे प्रामाणिकपणे सांगते आणि तिच्या त्या खरेपणानेच फीडलरचा घात होतो. इथे कुणालाही खोटे बोलायला लावावे लागत नाही. दया, प्रेम आणि सत्यवचन हाच खात्याचा कच्चा माल ठरतो.

'दोन्ही बाजू सारख्याच' असे या कादंबरीचे तात्पर्य सांगण्याची रीत आहे. ते अपुरे वाटते. समष्टीसाठी व्यक्तीचा बळी देता येतो, हे फीडलर उघडपणे मान्य करतो. तुमचे लोक कोणत्या तत्त्वावर हे करतात, असे तो लीमसला विचारतो. लीमसकडे उत्तर नसते. व्यक्तीचे मोल सर्वोच्च मानणाऱ्या समाजाने तिला वापरून फेकावे, यातला दोष अधिक गंभीर आहे, कारण तो त्या समाजाच्या स्वतःच्याच कसोटीवर सिद्ध होतो. शिवाय वाचतो तो पूर्वाश्रमीचा नाझी मुंट, तर बळी जातात फीडलर आणि लिझ हे दोघे ज्यू. विसाव्या शतकाच्या पार्श्वभूमीवर ही निवड सहज झालेली नाही.

आपल्याकडच्या 'मुद्राराक्षसा'शी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. विशाखदत्ताचा चाणक्यही प्रतिपक्षाच्या सद्गुणावरच डाव रचतो. मित्र चंदनदासाला सुळावर चढवणार म्हटल्यावर राक्षस धावून येईल, हे तो ओळखून असतो. पण तिथे तो सद्गुण मोलाचा म्हणूनच राक्षसाला अमात्यपद मिळते आणि चंदनदास वाचतो. अर्थात विषकन्येने मारलेला पर्वतक आणि कपटाने संपवलेले मलयकेतूचे मित्रराजे यांचा हिशेब नाटक मांडत बसत नाही. ल कारे यांनी नेमका हा न मांडलेला हिशेब मांडला.

भिंतीकडे जाताना लीमस लिझला या कटाची गरज पटवून देत असतो. ती गोळी लागून पडते तेव्हा मात्र तो पलीकडे उडी न मारता तिच्याकडे खाली उतरतो आणि मारला जातो. त्याचा युक्तिवाद त्याच्याच कृतीने खोटा ठरतो. या शेवटात लीमसला मुक्ती आहे. लिझला मात्र नाही. तिने हा खेळ निवडलेलाच नव्हता. आणि खात्याचे काहीच बिघडत नाही. मुंट आपल्या जागी सुरक्षित असतो.

ही थकबाकी लेखकालाही सलत असावी. ५४ वर्षांनी, 'अ लेगसी ऑफ स्पाइज' (२०१७) मध्ये लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी खात्याकडे जाब मागतात. त्यांच्या समोर येतात ते जुने कागद आणि कायदेपंडित. हेराची किंमत हेर मोजतो, हा समज हेरकथेने बराच काळ जोपासला. ल कारे वाचल्यावर लक्षात येते ते असे की, तिचा मोठा वाटा ज्यांना कुणी विचारलेच नव्हते त्यांच्या नावावर चढतो.