'लॉसलेस' संगीत : शुद्धता कोणाची, हानी कोणाची?

प्रत्येक नवे तंत्र आपल्याबरोबर एक नवे मूल्य घेऊन येते, आणि ते मूल्य जणू निसर्गनियमच असल्यासारखे आपल्यापुढे मांडले जाते. संगीताच्या बाजारात सध्या असेच एक मूल्य रूढ होत आहे. त्याचे नाव 'लॉसलेस', म्हणजे ज्यात काहीही गमावले जात नाही असा ध्वनी. २०१४ मध्ये 'टायडल' या सेवेने तो सामान्य वर्गणीच्या दुप्पट दराने विकायला काढला. २०१९ मध्ये 'ॲमेझॉन' या व्यवहारात उतरली. २०२१ मध्ये 'ॲपल'ने आपल्या सुमारे साडेसात कोटी गाण्यांचा संग्रह जादा आकार न लावता या स्वरूपात खुला करण्याची घोषणा केली. 'स्पॉटिफाय'ने २०२१ मध्ये दिलेला शब्द सप्टेंबर २०२५ मध्ये पाळायला सुरुवात केली. एके काळी मूठभर श्रीमंत शौकिनांची असलेली ही चैन अशा रीतीने मोठ्या बाजारपेठेत आली.

दलित चळवळीच्या वाचकाने या तांत्रिक भानगडीत का पडावे? कारण सरळ आहे. आपले साहित्य छापले जाण्याआधी गायले गेले. सत्यशोधक जलशांपासून भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांपर्यंत, अण्णाभाऊंच्या शाहिरीपासून वामनदादांच्या हजारो गीतांपर्यंत आपला विचार कानांवाटे माणसांत शिरला. म्हणून ध्वनीचे मोल कोण ठरवतो, हा आपल्या समीक्षेचाही प्रश्न आहे.

२

आधी तंत्र समजून घेऊ. न समजता केलेला विरोध हा विरोध नसतो, ती केवळ चीड असते.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. तेवढे पकडायला हे मोजमाप पुरते. पण या हिशेबाने चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४२ मेगाबाइट जागा लागते. फोनच्या तारेवरून पाठवायला हे ओझे फार होते. तेव्हा जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत व इतरत्र झालेल्या संशोधनातून १९९० च्या दशकात एमपीथ्री हे स्वरूप पुढे आले. त्याची युक्ती अशी, की मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो, झाकलेला आवाज कानाला जाणवत नाही, म्हणून तो टाकून द्यायचा. टाकलेले परत मिळत नाही. यालाच 'लॉस' म्हणायचे.

याउलट २००१ मध्ये खुले झालेले 'फ्लॅक' किंवा ॲपलचे 'अलॅक' ही स्वरूपे काहीही न टाकता घडी घालतात. कपडे दाबून पेटीत भरावेत आणि उघडल्यावर एकही धागा कमी नसावा, तसे हे काम आहे. पेटीत जे भरले तेच बाहेर येते. तांत्रिक अर्थाने 'लॉसलेस' या शब्दाचा अर्थ एवढाच, आणि एवढ्या अर्थाने तो शब्द प्रामाणिक आहे.

अप्रामाणिकपणा सुरू होतो तो जाहिरातीत. तेथे या शब्दाचा अर्थ 'कलावंताला अभिप्रेत असलेला मूळ आवाज' असा फुगवला जातो. वास्तविक बहुसंख्य श्रोते ज्या बिनतारी ब्लूटूथ श्रवणयंत्रांतून ऐकतात, त्यांतील बहुतेक यंत्रे वाटेतच ध्वनीचा काही भाग पुन्हा टाकतात. सीडीहूनही वरच्या दर्जाचे म्हणून जे विकले जाते, त्याची परीक्षाही झालेली आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५५४ वेळा विचारणा झाली. बरोबर उत्तरे निम्मी, म्हणजे नाणे उडवून जेवढी यावीत तेवढीच आली. २०१६ मध्ये राइस यांनी १८ प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा फरक जाणवतो पण अगदी थोडा, आणि तो तालीम मिळालेल्या कानांना अधिक, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे फरक नाहीच असे म्हणणे चूक. पण ज्या फरकाच्या जोरावर प्रतिष्ठा विकली जाते, तो फरक त्या प्रतिष्ठेच्या मानाने फार लहान आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेटीत जे भरले तेच बाहेर येते, हे मान्य. पण पेटीत भरले कोणी? काय भरले? आणि पेटीपर्यंत कोणाला येऊच दिले नाही?

१९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यात आला आणि गौहर जानसारख्या गायिकांचे ध्वनिमुद्रण झाले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्र रात्र चालणारा जलसा, त्यातील वग, सवाल-जवाब, मध्येच श्रोत्यांतून येणारी दाद हे सारे तीन मिनिटांत बसणारे नव्हते. त्यातही तबकडी घेणारा ग्राहक कोण आणि ती वाजवण्याचे यंत्र कोणाच्या घरी, हा हिशेब कंपनी करणारच. कर्डकांचे १९३० च्या दशकातील जलसे आपल्याला मुख्यतः छापील पदांतून आणि ऐकलेल्यांच्या आठवणींतून माहीत आहेत. ज्या आवाजाने मैलोन्‌मैल चालत आलेली माणसे जागी केली, त्याची केवढी मोठी हानी झाली! ही हानी कोणत्याही यंत्राच्या मोजमापात येत नाही, कारण जे कधी नोंदलेच गेले नाही त्याचा 'लॉस' यंत्राला दिसत नाही.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि हे चित्र पालटले. मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. लहान निर्माते उभे राहिले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोचले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागू लागले. त्या कॅसेटींचा दर्जा काय होता? खरखर, सरसर, कधी ताणलेली फीत, एकीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी केलेली नक्कल. आजच्या शुद्धतावाद्याला ते ऐकवणार नाही. परंतु हेच हीन ठरवलेले माध्यम आपल्या हातात होते, आणि शुद्ध ठरवलेले माध्यम नव्हते. माध्यमाची श्रेष्ठता त्याच्या स्वच्छतेवर ठरवायची, की ते कोणाच्या हाती पडले यावर?

आज त्याच कॅसेटींवरून उतरवलेली गाणी या सेवांवर मिळतात. ती 'लॉसलेस' स्वरूपात आली तर काय होईल? कॅसेटची खरखर तंतोतंत जपली जाईल, इतकेच. जे आधीच गमावले आहे ते अत्यंत निष्ठेने, एकही बिट न सांडता, आपल्यापर्यंत पोचेल. हानीची हानीविरहित नक्कल! 'लॉसलेस' या शब्दाचा सारा पोकळपणा आणि साऱ्या मर्यादा येथे एकदम उघड्या होतात.

४

मराठी समीक्षेला ही भाषा नवी नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा त्यांच्या भाषेला अशुद्ध म्हटले गेले. शाहिरी कवितेला प्रचारकी, भीमगीतांना कर्कश म्हटले गेले. शुद्धतेचा निकष नेहमी असा लावला जातो, की तो ज्याने लावला त्याच्या घरातली वस्तू आपोआप शुद्ध ठरते. ध्वनीच्या बाबतीतही तेच घडते आहे. शांत, बंद खोली, उंची श्रवणयंत्र, एकटा श्रोता हा आदर्श प्रसंग धरून दर्जा ठरतो. चाळीच्या चौकात, कर्ण्यावर, शेकडो माणसांत ऐकलेले गाणे या मापात बसतच नाही. तेथे श्रोता हा ग्राहक नसून सहगायक असतो. त्याच्या टाळ्या आणि त्याचा जयभीम हा त्या गाण्यातला व्यत्यय नाही, तो त्या गाण्याचाच भाग आहे.

तरीही उपमा फार ताणू नये. एमपीथ्री झाकलेला आवाज टाकते, तसे समाजाने आपल्याला झाकले आणि टाकले, असे म्हणणे टाळ्या घेईल. पण यंत्राला जात नसते. जात असते ती यंत्राभोवतीच्या व्यवस्थेला. एक बारीक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. एमपीथ्री तयार करताना सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेच्या साथीविना गायलेल्या गाण्यावर कसोटी घेतली गेली, हे प्रसिद्धच आहे. या स्वरूपाची एक जुनी अडचणही जाणकारांना ठाऊक आहे. एकाएकी उसळणाऱ्या तीक्ष्ण आघाताआधी, कमी दर्जाच्या फाइलीत, एक पुसट खळबळ ऐकू येते आणि आघाताची धार बोथट होते. हलगीची थाप ही अशाच आघातांची मालिका आहे. ज्या वाद्याला गावाने शिवायचे नाही पण वाजवून घ्यायचे असे ठरवले, त्याची धार स्वस्त फाइलीत सर्वांत आधी बोथट व्हावी, यात कोणाचा कट नाही. पण ती कोणाला खटकलीही नाही, हे ध्यानात घ्यावे.

५

अर्थकारणाकडे पाहिल्यावाचून ही चर्चा पुरी होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतासह काही देशांत सशुल्क वर्गणीचे थर पाडले आणि 'लॉसलेस' सर्वांत वरच्या 'प्लॅटिनम' थरात ठेवले. माझ्या वर्गातले बहुतेक विद्यार्थी जाहिराती सोसत फुकटच्या थरात ऐकतात. म्हणजे ध्वनीचीही उतरंड झाली. हा भेद पैशाचा आहे, जन्माचा नाही, असे कोणी म्हणेल. या देशात पैसा आणि जन्म यांचे नाते किती जवळचे आहे, हे येथे सांगायला नको.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. २०२४ पासून याच सेवेने नियम केला, की मागील बारा महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला नाही. रक्कम क्षुल्लक असते हे खरे, पण तत्त्व क्षुल्लक नाही. गावोगावच्या अनाम शाहिराचे गाणे संग्रहात राहील, संग्रहाची संख्या फुगवील, पण हिशेबात धरले जाणार नाही. राबवून घ्यायचे आणि हिशेबात धरायचे नाही, ही रीत आपल्या पूर्वजांना चांगली परिचित होती. शिवाय वामनदादांसारखा कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. पण सेवेच्या पडद्यावर पुष्कळदा गायकाचे आणि कंपनीचेच नाव तेवढे ठळक दिसते. बिट सुरक्षित राहतात, कवी गळतो. ही हानी कोणत्या खात्यावर मांडायची?

६

मग या तंत्राकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. यंत्र हे माणसाला फुरसत आणि संस्कृती देणारे साधन आहे, दोष यंत्राचा नसून त्यावरील मालकीच्या व्यवस्थेचा आहे, ही बाबासाहेबांनी गांधीवादाच्या टीकेत घेतलेली भूमिका आपण विसरता कामा नये.

खरी गोष्ट अशी, की 'लॉसलेस'ची गरज श्रोत्यापेक्षा जतन करणाऱ्याला अधिक आहे. ऐकण्यासाठी चांगल्या दर्जाची एमपीथ्री बहुसंख्यांना पुरते. पण जतनासाठी ती घातक आहे. तिच्यावरून पुन्हा पुन्हा केलेल्या प्रत्येक नव्या आवृत्तीत आणखी काही गळत जाते. म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुने ध्वनी उतरवताना सेकंदाला किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट असा दंडक सांगितला आहे. आणि 'फ्लॅक' हे स्वरूप कोणाच्या मालकीचे नाही. त्याला परवाना लागत नाही, पैसा लागत नाही. कंपनी ज्याला प्लॅटिनम म्हणून विकते, ते मुळात फुकट आणि खुले आहे!

विलास घोगरे यांनी १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर आपले जीवन संपवले. त्यांचा आवाज आणि नंतरच्या शाहिरांचे आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या चित्रपटात राहिले, कारण कोणी तरी वेळेवर ध्वनिमुद्रण केले होते. असे किती आवाज आज माळ्यावरच्या खोक्यांत बुरशी खात पडले असतील? फीत वाट पाहत नाही. ती वाजवणारी यंत्रेही नाहीशी होत चालली आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि माझ्यासारख्या शिक्षकांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. घरोघरच्या कॅसेटी गोळा कराव्यात, त्या हानीविरहित स्वरूपात उतरवाव्यात, आणि प्रत्येक गाण्याबरोबर कवी, गायक, ढोलकीवाला, कोरस, गाव, साल, प्रसंग यांची नोंद ठेवावी. खरखर काढून टाकण्याची घाई करू नये; मूळ प्रत तशीच राखावी आणि ऐकण्यासाठी वेगळी करावी. नावे नोंदवली नाहीत तर चोवीस बिटांतही गाणे अनाथच राहील.

ज्या समाजाचा आवाज शतकानुशतके नोंदीबाहेर ठेवला गेला, त्यालाच हानी या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक आहे. तो अर्थ बाजाराकडून शिकण्याची आपल्याला गरज नाही. बाजाराकडून घ्यायचे ते फक्त हत्यार, आणि ते चालवायचे आपल्या कामासाठी.