इचिकावातली गोधडी

टोकियोतल्या निशिकासाईत भारतीय वस्ती वाढत गेली, तशी आपली काही कुटुंबं नदी ओलांडून इचिकावात, ग्योतोकु-म्योदेनला राहायला आली. त्यांच्या बॅगांमधून आई-आजीची लुगडीही आली. नेसणारं कुणी नाही, आणि टाकवत तर नाहीत. आपल्यातल्या काहीजणी त्यांच्या गोधड्या शिवतात. गाण्या-नाटकांचं कौतुक आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नेहमीच होतं. यंदा मला या सुईचं करायचं आहे.

लुगड्यांचे थर अंथरायचे, सुरकुत्या काढायच्या आणि कडेनं धावदोरा घालत मध्याकडे यायचं. चौघी चार बाजूंना बसतात. नजर टाक्यावर असते, त्यामुळे एरवी जड जाणारं बोलणं तिथे सहज निघतं. नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेलीची घुसमट, आईचं शेवटचं दर्शन हुकल्याची सल, पोट पडल्याचं दुःख. यावर कुणी उपाय सुचवत नाही. पुढचा दोरा ओवून हातात देतात, आणि तेवढ्याने बरं वाटतं.

जपानी शेजारणींना हा टाका परका नाही. त्यांच्या सशिको या भरतकामातही धावदोराच असतो. उत्तरेकडच्या थंडीत कापूस पिकत नसे, तेव्हा शेतकरी बायका जुन्या कापडाचे थर एकमेकांवर टाचून ऊब मिळवत. २०११च्या त्सुनामीनंतर इवाते प्रांतातल्या ओत्सुचीत निवारा केंद्रांतल्या बायकांनी हेच काम हाती घेतलं. घर वाहून गेलेलं, दिवसभर करायला काही नाही. सुई, दोरा आणि कापडाला जागा मात्र थोडीच लागते. त्यातून त्यांना चार पैसे मिळाले, आणि उद्या सकाळी उठण्याला कारणही.

सुईत धिटाईही असते, हे आपण फारसं बोलत नाही. युद्धकाळात जपानी बायका रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडून पट्ट्यावर एकेक गाठ मागत. अशा हजार गाठींचा पट्टा, सेन्निनबारी, सैनिक कमरेला बांधे. वाघ हजार कोस जाऊनही परततो या समजुतीने जपानी राशिचक्रातल्या व्याघ्रवर्षात जन्मलेल्या बाईला वयाइतक्या गाठी घालता येत. सरकारला तो देशभक्तीचा पट्टा वाटत होता. मला मात्र त्यात, मुलगा जिवंत परत यावा, हे उघड बोलता न येणारं मागणं दिसतं. १९७३च्या लष्करी उठावानंतर चिलीतल्या बायकांनी तर बेपत्ता झालेल्या माणसांची कहाणी चिंध्यांच्या चित्रांतून जगापुढे मांडली.

८ फेब्रुवारीला असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात मोडक्या सुया मऊ तोफूत टोचून त्यांचे आभार मानतात. खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या बायकांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मंडळाला एक विनंती. येत्या गणेशोत्सवात या गोधड्या विक्रीच्या टेबलावर घड्या घालून ठेवू नयेत. सभागृहाच्या भिंतीवर पूर्ण उलगडून लावाव्यात, आणि प्रत्येकीखाली लुगडं कुणाचं होतं आणि टाके कुणाचे आहेत, हे मोठ्या अक्षरांत लिहावं.