‘कंटूर’ शब्दाची मराठी वळणे

इंग्रजीतील ‘कंटूर’ या शब्दास मराठीत तीन घरे मिळाली आहेत. चित्रकलेच्या वर्गात तो ‘बाह्यरेषा’ होतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘समोच्च रेषा’. आणि कृषिखात्याच्या पत्रकांत ‘समतल’ अगर ‘समपातळी’ हे विशेषण होऊन चराला व बांधाला चिकटतो. एका शब्दास तीन प्रतिशब्द असावेत यात वावगे काहीच नाही. मात्र त्यांतील भेद वाचकास कोणी समजावून देत नाही, ही खरी उणीव होय.

हा शब्द इटालियन व फ्रेंच भाषांतून इंग्रजीत आला. कातारी लाकूड फिरवून त्यास गोलाई देतो, ती क्रिया त्याच्या मुळाशी आहे. तेव्हा चित्रकाराचा अर्थ जुना. नकाशातील अर्थ पुढचा. १७७४ ते १७७६ या काळात स्कॉटलंडातील शिहॅलियन पर्वताची मोजणी झाली. तिच्या आकड्यांचा पसारा आवरताना चार्ल्स हटन या गणितज्ञाने समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. चित्रातील रेषा वस्तू कोठे संपते ते सांगते. ही नवी रेषा कडा दाखवीत नाही, समान उंची दाखविते.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. यवतमाळ जिल्ह्याचेच पाहा. मध्ये पठार, एका अंगास वर्धा, दुसऱ्या अंगास पैनगंगा. कापसाची कितीतरी शेते उतारावरच आहेत. अशा प्रत्येक शेतास दोन रेषा असतात. पहिली धुऱ्याची, ती मालकीची कडा, म्हणजे बाह्यरेषा. दुसरी समान उंचीची. ती सातबाऱ्यावर नसते, पण पाणी तेवढीच ओळखते. धुऱ्याच्या कलाने तिफण उताराबरोबर चालली, की प्रत्येक तास पाण्याचा पाट होतो आणि मृगाच्या सरींबरोबर माती ओढ्यास लागते. उलट, समान उंचीने बांध घालावा तर तो शेजाऱ्याच्या धुऱ्यास छेदून जाऊ पाहतो, आणि तंटा उभा राहतो. ‘कंटूर बांध’ म्हणजे शेताच्या कडेचा बांध, अशी समजूत झाल्यास ती किती महाग पडेल, हे यावरून कळावे.

आता प्रतिशब्दांचा विचार. ‘समोच्च’ अचूक आहे. पण विद्यार्थी तो पाठ करतो आणि बापाच्या शेतात ती रेषा त्यास दिसत नाही. ‘समतल’ ऐकून जमीनच सपाट असल्याचा भास होतो. याउलट शेतकरी ‘उताराला आडवी पेरणी’ म्हणतो, तेव्हा करावयाचे काम दोन शब्दांत डोळ्यांपुढे उभे राहते. शास्त्राची परिभाषा शास्त्राने खुशाल राखावी. परंतु तिचे स्पष्टीकरण लिहिताना पाठ्यपुस्तककारांनी व पत्रककारांनी या शेतातल्या बोलीकडे वळावे. तिथे तो अर्थ नांदतो आहेच. त्यास पुस्तकात जागा तेवढी द्यावयाची आहे.